बोलका नकाशा

शाळेच्या भिंतीवर टांगलेला नकाशा आपण सर्वांनी पाहिला आहे. गुरुजी हातात छडी घेतात, तिचे टोक एका जागी टेकवतात आणि विचारतात, "हा कोणता तालुका?" वर्गातून उत्तर येते, "गेवराई!" छडी खाली सरकते, "आणि हा?" "पाटोदा!" म्हणजे नकाशा बिचारा मुकाच असतो. त्याच्या वतीने बोलतात ती मुले, नाहीतर गुरुजी. गुरुजी रजेवर गेले की नकाशाही रजेवर.

आज मी तुम्हाला अशा एका नकाशाविषयी सांगणार आहे, की ज्यावर बोट टेकवले असता तो स्वतःच उत्तर देतो. संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर गावाचे चित्र आहे. विहिरीवर बोट ठेवले, की विहिरीची हकिगत समोर येते; शाळेवर ठेवले, की शाळेची. इंग्रजीत अशा चित्राला 'इमेज मॅप' म्हणतात. आपण त्याला बोलका नकाशा म्हणू. हे काम मोठ्या शहरातल्या मोठ्या पगाराच्या माणसांचेच आहे असा एक समज आहे. तो खरा नाही. आमच्या गेवराई तालुक्यातील उमापूरसारख्या गावच्या शाळेत एक जुना संगणक आणि एक हौशी शिक्षक असला, तर आठवीनववीची मुले हे काम करू शकतात. मात्र त्यात सोपा भाग कोणता आणि अवघड कोणता, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. तेच सांगण्यासाठी आजचे हे भाषण.

प्रथम, हे चित्र बोलते कसे?

चित्राच्या आत काही जादू नसते. चित्र हे साधे चित्रच असते. मुलांनी कागदावर काढलेले आणि मोबाइलने फोटो घेतलेलेही चालते. खरी युक्ती आहे ती चित्राच्या मागे ठेवलेल्या एका यादीत. तलाठ्याकडे गावचा नकाशा असतो आणि त्याबरोबर सातबाराचे दप्तरही असते. नकाशात गट नंबर दिसतो, आणि त्या गटात काय आहे ते दप्तर सांगते. बोलक्या नकाशाचेही तसेच आहे. चित्र हा नकाशा, आणि यादी हे दप्तर. तुम्ही बोट जिथे टेकवता ती जागा यंत्र मोजते, यादीत पाहते, आणि त्या जागेपुढे जे पान नोंदलेले असेल ते उघडते.

ही कल्पना फार जुनी नाही. टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ साली वेबची योजना मांडली. सुरुवातीची पाने अक्षरांचीच होती. १९९३ साली अमेरिकेत मोझेक नावाचा कार्यक्रम आला आणि मजकुराबरोबर चित्रेही एकाच पानावर दिसू लागली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात स्टीव्ह पुट्झ यांनी जगाचा एक नकाशा वेबवर मांडला. त्यावर एखाद्या जागी खूण केली की तोच भाग मोठा होऊन दिसे.

परंतु त्या काळी एक अडचण होती. चित्र तुमच्यापुढे असे, पण यादी मात्र दूरच्या संगणकावर असे. तुम्ही चित्रावर बोट ठेवले, की ती जागा कोणती हे विचारायला निरोप तिकडे जायचा, तिथून जबाब यायचा, मग पान उघडायचे. प्रत्येक उताऱ्यासाठी तालुक्याला खेप घालावी तसाच हा प्रकार. पुढे ही यादी चित्राबरोबर त्याच पानात ठेवावी अशी सूचना आली. १९९६ च्या ऑगस्टमध्ये जेम्स सीडमन यांनी तिचा तपशील प्रसिद्ध केला, आणि १९९७ च्या जानेवारीत वेबच्या पानांची जी भाषा, एचटीएमएल, तिच्या नियमांत तो समाविष्ट झाला. काखेत कळसा असताना गावाला वळसा घालायचे काम त्यामुळे थांबले. आपल्या दृष्टीने याचा मोठा फायदा असा, की पान आणि चित्र शाळेच्या संगणकात एकाच फोल्डरमध्ये ठेवले, तर नकाशा चालायला इंटरनेटची गरज पडत नाही. रेंज नसली तरी तो बोलतो.

आता ही यादी लिहायची कशी ते पाहू.

प्रत्येक चित्र म्हणजे बारीक ठिपक्यांची वीण असते. समजा, आपले गावचे चित्र १२०० ठिपके रुंद आणि ८०० ठिपके उंच आहे. नववीच्या गणितात निर्देशक भूमिती येते. तिथे जशी एखाद्या बिंदूची जागा दोन आकड्यांनी सांगतात तशीच इथेही सांगायची. फरक एकच. गणितात वर जावे तसा दुसरा आकडा वाढतो. पडद्यावर मोजणी डावीकडच्या वरच्या कोपऱ्यापासून सुरू होते आणि खाली यावे तसा दुसरा आकडा वाढतो. पहिला आकडा उजवीकडे किती, दुसरा आकडा खाली किती. एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

हे आकडे काढायला वेगळे यंत्र लागत नाही. विंडोजच्या संगणकात पेंट नावाचा चित्रांचा कार्यक्रम असतो. त्यात चित्र उघडून बाण विहिरीवर नेला, की खालच्या कोपऱ्यात दोन आकडे दिसतात. एका मुलाने बाण धरावा, दुसऱ्याने आकडे मोठ्याने वाचावेत, तिसऱ्याने वहीत लिहावेत. मोजणीदार साखळी ओढत आणि कारकून नोंद करीत, त्याचीच ही पडद्यावरची आवृत्ती.

यादीत तीन आकार सांगता येतात. पहिला चौकोन. समजा, शाळेची इमारत आहे. तिचा डावा वरचा कोपरा ८६० आणि ५६०, उजवा खालचा कोपरा ९४० आणि ६४०. हे चार आकडे लिहिले की शाळा झाली. दुसरा आकार वर्तुळ. विहिरीला तो शोभतो. मध्यबिंदू ३०० आणि २००, त्रिज्या ३०. तीन आकड्यांत विहीर झाली. तिसरा आकार बहुकोन, आणि गावाच्या नकाशात खरे काम पडते ते यालाच. ओढ्याकाठचा मळा काही चौकोनी नसतो आणि गावठाणही गोल नसते. बांधाबांधाने फिरावे तसे एकेक वळणाचे दोन दोन आकडे ओळीने लिहीत जायचे: १२० आणि ४२०, २६० आणि ४००, ३१० आणि ४७०, २४० आणि ५६०, ११० आणि ५३०. शेवटचा बिंदू पहिल्याला जोडून हद्द बंद करण्याचे काम यंत्र आपण होऊन करते.

शिक्षक बंधुभगिनींनी फळ्यावर लिहून घ्यावेत असे मोजके शब्द सांगतो. ते रोमन लिपीत लिहायचे असतात. चित्र आणणारी खूण 'इमेज', तिची आखूड स्पेलिंग आय-एम-जी. यादीची खूण 'मॅप'. यादीतल्या प्रत्येक जागेची खूण 'एरिया'. यादीला एक नाव द्यायचे, आणि चित्राच्या खुणेत 'यूजमॅप' या शब्दापुढे तेच नाव हॅशची खूण आधी लावून लिहायचे, म्हणजे चित्र आणि यादी यांची गाठ पडते. प्रत्येक एरियात चार गोष्टी येतात: 'शेप' म्हणजे आकार, 'कोऑर्ड्स' म्हणजे आकडे, 'एचरेफ' म्हणजे कोणते पान उघडायचे त्याचा पत्ता, आणि 'आल्ट' म्हणजे त्या जागेचे नाव शब्दांत. हे सर्व नोटपॅडमध्ये लिहिता येते. मराठी अक्षरे नीट दिसावीत म्हणून फाइल जतन करताना यूटीएफ-८ हा प्रकार निवडावा आणि पानाच्या आरंभीही तसे नमूद करावे. हाताने लिहायचे नसेल तर गिम्प नावाच्या फुकट मिळणाऱ्या चित्रांच्या कार्यक्रमात हे काम रेघा ओढूनही होते. पण मुलांनी पहिला नकाशा हाताने लिहावा, असे माझे मत आहे. मोटार चालवणाऱ्याने एकदा तरी झाकण उघडून इंजिन पाहिलेले असावे.

सरावासाठी बीड जिल्ह्याचा नकाशा चांगला. तालुके अकरा, म्हणजे एरियाही अकरा. गेवराईवर बोट ठेवले की गोदावरी आणि राक्षसभुवन, माजलगाववर सिंदफणेवरचे धरण, परळीवर वैजनाथ, अंबाजोगाईवर मुकुंदराज, बीडवर खजाना विहीर. प्रत्येक तालुक्याला चार ओळींचे पान. वर्गाचे अकरा गट पाडले तर आठवड्यात काम होते.

आता तीन अडचणी सांगतो. त्या ठाऊक नसल्या की हौसेने केलेला नकाशा भलतेच बोलू लागतो.

पहिली अडचण चित्राच्या आकाराची. यादीतले आकडे १२०० ठिपके रुंदीच्या चित्राचे आहेत. तेच चित्र मोबाइलवर ४०० ठिपक्यांत आवळून दाखवले, तर चित्र तिसरा हिस्सा होते, पण आकडे जसेच्या तसे राहतात. मग काय होते पाहा. शाळेचा मध्य मोठ्या चित्रात ९०० आणि ६०० वर होता; लहान चित्रात तो ३०० आणि २०० वर येतो. आणि यादीत ३०० आणि २०० वर कोण बसले आहे? विहीर! म्हणजे मुलगा बोट ठेवतो शाळेवर आणि नकाशा हकिगत सांगतो विहिरीची. यावर दोन उपाय आहेत. चित्राची रुंदी पानावर पक्की ठेवावी आणि मोबाइलवर ते सरकवून पाहावे, हा साधा उपाय. दुसरा उपाय एसव्हीजी नावाच्या रेखाचित्राचा. वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने २००१ साली त्याला मान्यता दिली. त्यात हद्दी चित्रातच विणलेल्या असतात. रबरावर काढलेल्या चित्राप्रमाणे चित्र ताणले की हद्दीही ताणल्या जातात. आधी पहिला उपाय शिकावा, मग दुसरा.

दुसरी अडचण एकावर एक आलेल्या जागांची. मळ्यात विहीर आहे. विहिरीवर बोट ठेवले तर मळा बोलेल की विहीर? नियम असा, की यादीत जो आधी लिहिलेला असेल तो बोलतो. म्हणून लहान जागा आधी लिहाव्यात, मोठ्या मागून. पंगतीत लहान मुलांची पाने आधी वाढतात तसे.

तिसरी अडचण बोटाची. नांगर धरणारे बोट जाड असते, म्हातारपणी ते थरथरते. टाचणीच्या डोक्याएवढी जागा त्याला सापडत नाही. वेबची पाने सर्वांना वापरता यावीत म्हणून जे नियम २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये नव्याने प्रसिद्ध झाले, त्यांत बोट ठेवायची जागा साधारणपणे निदान २४ ठिपके रुंद आणि २४ ठिपके उंच असावी असे सांगितले आहे. तुम्ही त्याहून मोठी ठेवा. विहीर चित्रात लहान असली तरी यादीतले तिचे वर्तुळ ऐसपैस असू द्या.

इथवरचा भाग सोपा. तो यंत्राचा आहे, आणि यंत्र शिकले की येते. यापुढचा भाग माणसांचा आहे, आणि खरी कसोटी तिथे लागते.

एरियाच्या चार गोष्टींत शेवटची मी 'आल्ट' सांगितली, म्हणजे जागेचे नाव शब्दांत. पुष्कळ लोक ती गाळतात. नाव न लिहिले तरी डोळसांना चित्र दिसते, बोट ठेवता येते. मग कशाला लिहा? पण ज्याला दिसत नाही असा मुलगा संगणक वापरतो तो कानाने. पडदा वाचून दाखवणारा कार्यक्रम त्याच्यासाठी चित्रातली नावे मोठ्याने उच्चारतो, आणि टॅबची कळ दाबत तो एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जातो. नाव लिहिलेले असेल तर तो म्हणेल, "ही शाळा, ही विहीर, हा ओढा." नाव नसेल तर त्याच्यापुरते ते गावच नाही. आपण तर आकाशवाणी ऐकणारी माणसे. चित्र नसताना केवळ शब्दांवरून चित्र पाहण्याची आपल्याला सवय आहे. तेव्हा प्रत्येक जागेचे नाव असे लिहा, की ते रेडिओवर वाचले तरी ऐकणाऱ्याला जागा कळावी. नुसते 'विहीर' असे न लिहिता 'शाळेमागची सार्वजनिक विहीर' असे लिहावे.

आता नाव लिहायचे म्हटले की प्रश्न येतो, कोणते नाव? आपल्याकडे अनेक गावांत वस्त्यांना जातीवरून पडलेली नावे होती आणि काही तोंडी अजून आहेत. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने २०२० च्या डिसेंबरमध्ये अशी नावे बदलण्याचा निर्णय घेतला. समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे त्यांच्या जागी सुचवण्यात आली. कागदावरच्या नकाशातले नाव निदान गप्प बसते. आपला नकाशा बोलतो. जितक्या वेळा बोट पडेल तितक्या वेळा तो ते नाव उच्चारील, आणि त्या वस्तीतले मूल वर्गात बसून ते ऐकेल. म्हणून वस्तीचे नाव वस्तीतल्या माणसांना विचारून लिहावे. वर्गात बसून, आठवेल ते, असे लिहू नये.

याहून मोठा धोका गाळण्याचा आहे. मराठवाड्यात सारे गाव गावठाणात राहत नाही. शेतात वस्त्या आहेत, कुठे तांडे आहेत, ओढ्यापलीकडे चार घरे आहेत. कागदी नकाशात अशी वस्ती राहून गेली तर पाहणारा म्हणतो, इथे काही दिसत नाही, बहुधा राहिले असेल. पण बोलक्या नकाशात ज्या जागेची नोंद नाही तिच्यावर बोट ठेवले तर काहीच होत नाही. पाहणाऱ्याला वाटते, इथे कोणी नाहीच. आणि जे नकाशात नाही ते पुढे टँकरच्या फेरीत नसते, रस्त्याच्या यादीत नसते, असे अनुभवाला येते.

त्यातही आपल्या बीड जिल्ह्याची एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कुटुंबेच्या कुटुंबे कारखान्यांकडे निघतात आणि हंगाम संपला की परततात. नकाशाचे काम जर शाळेने पौषात काढले, तर कित्येक घरांना कुलूप असणार, आणि विचारायला गेलेली मुले ती घरे सोडून पुढे जाणार. म्हणून विचारपूस दसऱ्याच्या आधी करावी. जी मुले आईबापांबरोबर जाणार आहेत त्यांनाच आपापल्या वस्तीचे आकडे काढायला आणि तिचे पान लिहायला बसवावे. त्यांची वस्ती मग ती गावात नसतानाही बोलेल.

बरे, विचारायचे काय? पाण्याचेच घ्या. गावातल्या प्रत्येक सार्वजनिक विहिरीपाशी आणि हातपंपापाशी जाऊन एवढेच विचारायचे: पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरते? पिण्याजोगे आहे का? आटल्यावर इथली माणसे कुठून आणतात? ही तीन उत्तरे त्या विहिरीच्या पानावर लिहायची आणि विचारल्याचा महिना व साल खाली घालायचे. दरवर्षी नव्या वर्गाने ती तपासायची. तीन-चार वर्षांत अशा नोंदी साठल्या, तर ग्रामसभेत पाण्याचा विषय निघाल्यावर एकाने एक सांगायचे आणि दुसऱ्याने दुसरे, असे होणार नाही. नकाशा उघडायचा आणि विहिरीवर बोट ठेवायचे.

काय लिहू नये, हेही सांगितले पाहिजे. खाजगी माणसांची नावे, फोन नंबर, कोणाच्या घरी कोण एकटे राहते, कोणावर किती कर्ज आहे, असले काही नकाशात घालू नये. नकाशा एकदा मोबाइलवरून फिरू लागला की तो कोणाच्या हाती जाईल याचा नेम नाही. तसेच शेताच्या हद्दीचे. महाभूनकाशा हे शासनाचे संकेतस्थळ आहे. तिथे जिल्हा, तालुका, गाव निवडून गटावर बोट ठेवले की त्या गटाची माहिती पुढे येते. बोलक्या नकाशाचे हे सरकारी रूपच आहे, आणि मुलांना ते जरूर दाखवावे. परंतु बांधाचा वाद पडद्यावर बोट ठेवून मिटत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाकडून रीतसर मोजणीच करावी लागते. मग शाळेतल्या मुलांनी काढलेल्या चित्राची काय कथा! नकाशाच्या खाली ठळक अक्षरांत लिहावे: 'हा शिकण्यासाठी केलेला नकाशा आहे, हद्दीच्या पुराव्यासाठी नाही.' त्या एका ओळीने शाळेच्या दारात येणारे भांडण वाचेल.

श्रोतेहो, कोणी विचारील, उपग्रहावरून घेतलेले नकाशे मोबाइलवर फुकट मिळत असताना हा खटाटोप कशाला? उपग्रहाला आमची विहीर वरून दिसते. ती चैत्रात आटते की वैशाखात, हे तिच्यावर पोहरा सोडणारी बाईच सांगू शकते. तिला विचारायला मुलाने तिच्यापर्यंत चालत गेले पाहिजे. नकाशा तयार झाल्यावर तिच्याच हातात मोबाइल देऊन तिला तिची विहीर दाबायला सांगावे. नकाशा तिचेच म्हणणे तिला नीट सांगतो की नाही, ही त्याची परीक्षा. नाही सांगितले, तर मुलांनी यादी पुन्हा उघडावी.

तेव्हा सुरुवात लहान करा. पहिल्या दिवशी एक चित्र, एक विहीर आणि तीन आकडे. विहीर बोलली, की मुले थांबायची नाहीत. ती शाळा घेतील, ओढा घेतील, वेस घेतील. तुमचे काम एवढेच, की ओढ्यापलीकडची चार घरे राहिली आहेत काय, हे त्यांना रोज विचारायचे.